गप्प राहिलं की मंजूर: अमेरिकेतल्या वीज, गॅस आणि फोनच्या सरकारी नोटिसा कशा वाचायच्या?

रानजाई (पेन्सिल्व्हेनिया)

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. २०१९ च्या ऑक्टोबरात आमच्याकडे रजिस्टर्ड पोस्टाने एक जाड पाकीट आलं. मी चकल्या तळत होते. पीठ लागलेल्या हाताने सही केली, पाकीट फ्रिजवर ठेवलं आणि विसरून गेले. दिवाळी झाली, थँक्सगिव्हिंग झालं. नाताळच्या सुट्टीत आवराआवर करताना ते हाती लागलं. आत एका गॅस पाइपलाइन कंपनीचं पत्र होतं आणि सोबत नकाशा. आमच्या घरापासून अर्ध्या मैलाच्या आत जे कॉम्प्रेसर स्टेशन (गॅस दाबून पुढे ढकलणारं केंद्र) आहे, तिथे कंपनी नवं यंत्र बसवणार होती. सातव्या पानावर लिहिलं होतं की सरकारी नोटीस निघाल्यापासून ६० दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर काम मंजूर झालं असं समजलं जाईल. ते ६० दिवस आदल्याच आठवड्यात संपले होते.

आमच्या रस्त्यावर अकरा घरं आहेत. अकराही घरांना ते पाकीट आलं होतं आणि एकाही घरातून हरकत गेली नव्हती. तेव्हापासून मी अशा नोटिसा नियमाने वाचते. जे समजलं ते इथे मांडते. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर सांगावं.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नोटिसा 'फेडरल रजिस्टर' नावाच्या राजपत्रात छापल्या जातात. कामकाजाच्या प्रत्येक दिवशी अंक निघतो. नेटवर सगळं फुकट वाचता येतं, आणि उद्या छापून येणारी बरीचशी कागदपत्रं आज सकाळी पावणेनऊलाच पाहायला मिळतात. या राजपत्राचा जन्मच मुळी इंधनाच्या भानगडीतून झाला. १९३३ साली टेक्सासच्या तेलविहिरींवर उत्पादनाचा कोटा होता आणि कोट्याबाहेर काढलेल्या तेलाला 'हॉट ऑइल' म्हणत. सरकारने त्यावरून लोकांवर खटले भरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात गेलं तेव्हा उघड झालं की ज्या कलमाखाली खटले भरले होते, ते कलम सप्टेंबर १९३३ च्या एका दुरुस्तीत चुकून गळून गेलं होतं. नियम एका जागी छापायची पद्धतच नव्हती, त्यामुळे आरोपी, वकील, सरकार, कुणालाच पत्ता नव्हता. 'पनामा रिफायनिंग विरुद्ध रायन' या खटल्याचा निकाल जानेवारी १९३५ मध्ये लागला, त्याच वर्षी फेडरल रजिस्टरचा कायदा झाला आणि १४ मार्च १९३६ ला पहिला अंक निघाला. कागदावर छापलेला नियम हा आपला हक्क आहे हे मला या गोष्टीतून फार नीट कळलं.

पुढे १९४६ च्या कायद्याने ठरलं की सरकारी खात्याला नवा नियम करायचा असेल तर आधी मसुदा छापायचा, लोकांचं म्हणणं मागवायचं, आलेल्या महत्त्वाच्या मुद्द्यांना उत्तर द्यायचं आणि मगच अंतिम नियम काढायचा.

वीज-गॅसचं खातं म्हणजे फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशन. इथले लोक त्याला 'फर्क' म्हणतात, मीही तेच लिहिते. १९७७ साली जुन्या पॉवर कमिशनच्या जागी ते आलं. पाच कमिशनर असतात आणि एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. राज्याराज्यांतून जाणाऱ्या गॅस पाइपलाइनी, विजेचा घाऊक व्यवहार, मोठ्या वाहिन्या, केंद्र सरकारचे नसलेल्या जलविद्युत प्रकल्पांचे परवाने हे सगळं त्यांच्याकडे. फोन आणि रेडिओ लहरी १९३४ पासून, आणि पुढे केबलही, एफसीसीकडे, म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे.

आता वाचायचं कसं. नियमांच्या मसुद्यांत ठरलेले रकाने असतात: खातं कुठलं, कारवाई काय, सारांश, तारखा, पत्ता, आणि चौकशीसाठी एका खऱ्याखुऱ्या कर्मचाऱ्याचं नाव आणि फोन. त्या नंबरवर मी दोनदा फोन केलाय. दोन्ही वेळा माणसाने उचलला आणि शांतपणे समजावून सांगितलं. 'फर्क'च्या अर्जांच्या नोटिसा मात्र सलग मजकुरात असतात. 'टेक नोटिस दॅट' अशी सुरुवात, मग कंपनीचं नाव, मग पानभर तांत्रिक वर्णन, आणि मुदतीची तारीख पार तळाशी, पूर्वेकडच्या वेळेनुसार संध्याकाळी ५ पर्यंत. कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी ते दुपारी २ धरावं. मी कुठलीही नोटीस आता खालून वर वाचते. आधी तारीख, मग मुदत उलटली तर काय होणार ते वाक्य, आणि त्यानंतर बाकीचं.

कारण गप्प राहण्याचा अर्थ प्रत्येक नोटिशीत वेगळा आहे. आमची नोटीस होती 'ब्लँकेट' परवान्याखालची. कंपनीला मध्यम आकाराच्या कामांसाठी सरसकट परवाना आधीच मिळालेला असतो. ६० दिवसांत हरकत आली नाही तर मंजुरी आपोआप. रीतसर एक हरकत जरी आली आणि ती पुढच्या ३० दिवसांत मागे घेतली गेली नाही, तर तेच काम पूर्ण अर्ज म्हणून तपासावं लागतं. एक हरकत! अकरा घरांपैकी एक पुरे होतं.

---

कोलंबसकर_अजय

ताई, फार मोलाचा धागा. अशीच गोष्ट आमच्या लँडलाइनची.

आम्ही कोलंबसपासून तासाभरावर गावाकडे राहतो. २०२१ मध्ये फोन कंपनीचं पत्र आलं की तांब्याच्या तारेवरची जुनी सेवा बंद करून दुसरी देणार. तेव्हाच्या नियमानुसार कंपनीला असं करायचं तर एफसीसीची परवानगी लागायची. तिची पब्लिक नोटीस निघायची, आणि एफसीसीने अडवलं नाही तर ती परवानगीसुद्धा ठराविक दिवशी आपोआप मिळायची. कंपनीच्या प्रकारानुसार ३१ वा दिवस किंवा ६० वा. लोकांना म्हणणं मांडायला त्याहून कमी, १५ किंवा ३० दिवस. पत्र पोचून, उघडून, समजून घेईपर्यंत निम्मे दिवस गेलेले असायचे.

माझे सासरे तेव्हा आमच्याकडे होते, पेसमेकर बसवलेला. त्याची रोजची नोंद लँडलाइनवरून दवाखान्यात जायची. घरात मोबाइलला रेंज नाही, अंगणात चिंचोळ्या जागेत एक काडी येते. बर्फाच्या वादळात वीज गेली की दीड-दोन दिवस येत नाही. तांब्याच्या तारेला वीज टेलिफोन एक्स्चेंजकडून मिळते, म्हणून घरातली गेली तरी फोन चालतो. नव्या सेवेचा डबा घरच्या विजेवर. एवढंच मी एफसीसीला लिहिलं. पत्ता, रेंज नसल्याचे तीन दिवसांचे फोटो, मागच्या हिवाळ्यात वीज किती तास नव्हती त्याच्या नोंदी. कुठलाही कायदा उद्धृत केला नाही.

सेवा बदललीच. पण दहा दिवसांत कंपनीचा माणूस घरी आला, वीज गेल्यावर २४ तास चालेल अशी बॅटरी लावून गेला आणि पेसमेकरच्या यंत्राची जोडणी स्वतः तपासली. तेव्हाच्या नियमानुसार असा बॅटरीचा पर्याय देणं कंपनीवर बंधनकारक होतं, हे मला त्याच्याकडूनच कळलं. आधी फोनवर चार वेळा विचारलं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

---

मीनल_एनजे

रानजाई, मनापासून आभार. माझा प्रश्न बिलाचा. २०२५ च्या जूनपासून न्यू जर्सीत आमचं विजेचं बिल एकदम चढलं. वापर तोच. हे 'फर्क'कडे मांडायचं की राज्याकडे?

---

ओहम

मीनल, मी या क्षेत्रात नोकरी करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरच्या बिलाचा दर राज्याचं बोर्ड ठरवतं, तुमच्याकडे न्यू जर्सी बोर्ड ऑफ पब्लिक युटिलिटीज. पण बिलातला जो भाग चढलाय त्याचं मूळ घाऊक बाजारात आहे आणि तो बाजार 'फर्क'च्या अखत्यारीत. न्यू जर्सीसकट १३ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी मिळून पीजेएम नावाचं एक जाळं आहे. तिथे 'ऐन गरजेला वीज देऊ' या हमीचा लिलाव होतो. २०२४-२५ साठी त्या हमीचा भाव बहुतेक भागात दिवसाला मेगावॉटमागे २८.९२ डॉलर होता. २०२५-२६ साठी जुलै २०२४ मध्ये लिलाव झाला तेव्हा तो बहुतेक भागात २६९.९२ डॉलरवर गेला. नऊ पटींहून जास्त. तो भाव जून २०२५ पासून लागू झाला आणि तुमच्या दारात आला.

लिलाव झाला त्या दिवशी तुम्ही काही करू शकत नव्हता. लिलावाचे नियम मात्र त्याच्या कितीतरी आधी 'फर्क'पुढे येतात. अशा प्रकरणाच्या क्रमांकाची सुरुवात 'ईआर'ने होते. लोकांना बहुतेक वेळा २१ दिवस मिळतात आणि कमिशनला ६० दिवस. ६० दिवसांत कमिशनने काहीच निर्णय दिला नाही तर प्रस्ताव कायद्यानेच अमलात येतो. म्हणजे तुमच्यासारखं कमिशनचं गप्प राहणंही मोजलं जातं. सप्टेंबर २०२१ मध्ये पीजेएमच्याच लिलावातल्या किमान बोलीच्या नियमाचं असं झालं. चार कमिशनर होते, दोन विरुद्ध दोन मतं पडली आणि नियम आपसूक लागू झाला.

क्रमांकाची अक्षरं ओळखायला शिका, अर्धं काम होतं. 'सीपी' म्हणजे गॅस पाइपलाइनचं बांधकाम. नुसता 'पी' म्हणजे जलविद्युत. 'आरएम' म्हणजे सगळ्यांना लागू होणारा नवा नियम.

---

रानजाई

ओहम, हे फार सुंदर समजावलंत. 'सीपी'बद्दल एक गोष्ट सगळ्यांनी मनात कोरून ठेवा. कमेंट करणं वेगळं आणि 'इंटरव्हीन' करून पक्षकार होणं वेगळं. कमेंट वाचली जाते, फाइलला लागते. पण निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत फेरविचार मागायचा आणि नंतर कोर्टात जायचं, तर तुम्ही पक्षकार असायला हवं. मोठ्या पाइपलाइनच्या अर्जानंतर त्यासाठी साधारण तीन आठवडेच मिळतात. आणि परवाना मिळाला की कंपनीला जमीन सक्तीने घेण्याचा अधिकार मिळतो, १९४७ पासून कायद्यातच आहे. शेजारच्या काउंटीतल्या एका शेतकरी कुटुंबाने अर्जाच्या आधीच्या बैठकांना झाडून हजेरी लावली, दोन वेळा लेखी म्हणणं दिलं. अर्ज दाखल झाल्यावर मात्र पुन्हा पक्षकार म्हणून नाव द्यावं लागतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्या आजींच्या स्वयंपाकघरात बसून मी ती कागदपत्रं वाचली आहेत. तेव्हा फार वाईट वाटलं.

अर्ज भरायला वकील लागत नाही, फी लागत नाही. 'फर्क'मध्ये २०२१ पासून लोकसहभागाचं वेगळं कार्यालय आहे, जमीनमालकांसाठी हेल्पलाइनही आहे. संसदेने हे कार्यालय १९७८ च्या कायद्यात लिहून ठेवलं होतं. उघडायला ४३ वर्षं गेली.

---

नवा_गडी_डॅलस

सगळ्यांना नमस्कार. दादा-ताईंनो, मी एच-१बी वर आहे. आपण नागरिक नाही, मग यात बोलायचा अधिकार आहे का? ग्रीन कार्डची फाइल चालू आहे, म्हणून भीती वाटते.

---

ओहम

कायद्यातला शब्द 'इंटरेस्टेड पर्सन्स' असा आहे, म्हणजे ज्यांचा संबंध येतो त्या व्यक्ती. नागरिकत्वाची अट नाही आणि कमेंटच्या फॉर्मवर व्हिसाचा रकाना नसतो. पण लिहिलेलं सगळं जाहीर होतं. एफसीसीच्या पोर्टलवर तर नावाबरोबर पत्ताही दिसतो. हे माहीत असू द्या आणि मग तुमचं तुम्ही ठरवा.

आणखी एक, तुम्ही डॅलसचे. टेक्सासचं बहुतेक वीजजाळं राज्यातल्या राज्यातच आहे, त्यामुळे तिथला विजेचा बाजार 'फर्क'कडे येत नाही. तुमच्या विजेची तक्रार राज्याच्या पब्लिक युटिलिटी कमिशनकडे. पाइपलाइन राज्याबाहेर जाणारी असेल तर मात्र 'फर्क'च.

---

गोदाकाठ (नाशिक)

इकडून एक भर. महाराष्ट्रात वीज नियामक आयोग दरवाढीच्या याचिकेवर 'हरकती व सूचना' मागवतो, पेपरात जाहिरात येते, विभागवार जाहीर सुनावण्या होतात. मी तीन सुनावण्यांना गेलो आहे. सुनावणीत माणूस समोर उभा राहून बोलतो. द्राक्षबागायतदार रात्रीच्या वीजपुरवठ्याबद्दल बोलले तेव्हा सभागृह शांत झालं होतं. तुमच्याकडे सगळं कागदावरच का?

---

रानजाई

गोदाकाठदादा, पाइपलाइन आणि धरणांच्या बाबतीत इथेही गावात बैठका होतात, पर्यावरणाचा अभ्यास सुरू करताना. लघुलेखक असतो, बोललेलं फाइलला लागतं. आमच्या लायब्ररीत अशी बैठक झाली तेव्हा एका वयस्क शेजाऱ्याने विहिरीच्या पाण्याची बाटलीच सोबत आणली होती. बाकी बहुतेक काम कागदावर, हे खरं. 'हरकती व सूचना' हा आपला शब्द मला फार आवडतो. त्यात दोन्ही गोष्टींना जागा आहे.

---

मीनल_एनजे

फोनच्या बिलातल्या 'युनिव्हर्सल सर्व्हिस' या ओळीबद्दल कुणी सांगेल का? आईला फोन करायचा आंतरराष्ट्रीय प्लॅन घेतला आहे, त्यावर भरपूर लागते.

---

ओहम

आंतरराज्य आणि आंतरराष्ट्रीय फोनसेवेच्या उत्पन्नावर कंपन्यांना ती वर्गणी भरावी लागते. त्या ती ग्राहकाकडून वसूल करतात. पैसा जातो दुर्गम भागातल्या सेवेसाठी, गरीब घरांच्या सवलतीसाठी, शाळा-लायब्ररींच्या इंटरनेटसाठी आणि ग्रामीण दवाखान्यांसाठी. कारण चांगलं आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण दर २००० साली ६ टक्क्यांच्या आत होता आणि २०२५ मध्ये ३६ टक्के आणि त्याच्याही वर. लोक लँडलाइन सोडत गेले, वर्गणीचा पाया आटला, खर्च तसाच राहिला.

दर तिमाहीला या दराची एक छोटी पब्लिक नोटीस निघते. १४ दिवसांत कमिशनने त्यावर काही केलं नाही तर तो दर मंजूर. इथेही तेच. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सगळी व्यवस्था ६ विरुद्ध ३ मतांनी वैध ठरवली.

---

कोलंबसकर_अजय

एक विनंती. एकाकडून दुसऱ्याकडे फिरत आलेला तयार मजकूर पाठवू नका. २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या (इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या साइट्सना सारखंच वागवावं या नियमाच्या) वेळी एफसीसीकडे २.२ कोटींहून जास्त कमेंट आल्या. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने २०२१ मध्ये तपासाचा अहवाल दिला, त्यात जवळपास १.८ कोटी बनावट निघाल्या. एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने एकट्याने ७७ लाख टाकल्या होत्या. खऱ्या माणसांचं म्हणणं त्या ढिगाखाली गाडलं गेलं. आपल्या घराचा, आपल्या विहिरीचा, आपल्या आजारी माणसाचा तपशील दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही.

---

रानजाई

अजय, अगदी.

सगळ्याच नोटिसा वाचायच्या नसतात, हेही सांगते, नाहीतर चार दिवसांत कुणीही थकेल. बऱ्याच तर 'हा फॉर्म भरायला किती तास लागतात' असं विचारणाऱ्या असतात, आधी ६० दिवसांची आणि मग तीच ३० दिवसांची. त्या सोडून द्या. 'फर्क'च्या 'कंबाइन्ड नोटिस ऑफ फायलिंग्ज'मध्ये कंपन्यांची नुसती यादी असते, आपल्या भागाच्या कंपनीचं नाव शोधायचं आणि पुढे जायचं. ज्या प्रकरणाशी आपला संबंध आहे त्याच्या क्रमांकाला 'ई-सबस्क्राइब' केलं की नवा कागद लागला की ईमेल येते.

आमच्या कॉम्प्रेसरचं पुढे काय झालं ते कुणी व्यक्तिगत निरोपात विचारलंय. यंत्र बसलं. मी क्रमांक सोडला नाही. 'फर्क'ची अट असते की जवळच्या घराशी दिवस-रात्रीचा सरासरी आवाज ५५ डेसिबलच्या वर जायला नको, आणि यंत्र सुरू झाल्यावर कंपनीने मोजणीचा अहवाल द्यायचा. तो अहवाल फाइलला लागला त्याच दिवशी मी वाचला. मोजणी रस्त्याच्या पलीकडच्या घरापाशी केली होती. आमच्या बाजूला ओढा आहे आणि उतार आहे, थंडीच्या रात्री आवाज ओढ्यावरून सरळ येतो. मी सात रात्रींची वेळ आणि खिडकीतल्या नोंदी लिहून पाठवल्या, सोबत हाताने काढलेला नकाशा. फेब्रुवारीत कंपनीने आमच्या कुंपणाशी पुन्हा मोजणी केली आणि यंत्राच्या एका बाजूला आवाज अडवणारी भिंत घातली. अजून ऐकू येतं, पण झोप लागते.

---

मीनल_एनजे

रानजाई, आज दुपारी बसले. पीजेएमच्या एका चालू प्रकरणात मुदतीला दोन दिवस बाकी होते. 'फर्क'चा 'ई-कमेंट'चा फॉर्म ६,००० अक्षरांचा आहे, माझं १,४०० मध्येच झालं. मागच्या वर्षीचं आणि या वर्षीचं जुलैचं बिल, युनिट तेवढेच, रक्कम किती वाढली, आणि सासूबाईंच्या ऑक्सिजनच्या मशीनमुळे एसी बंद ठेवता येत नाही, एवढंच लिहिलं. नवऱ्याने एकदा वाचलं, दोन शब्द सुधारले. पाठवताना हात जरा थरथरला.

आत्ता ईमेल आली, स्वीकारलं म्हणून. एक लांबलचक क्रमांक दिलाय, सुरुवातीचे आठ आकडे म्हणजे आजची तारीख आहे ना?

---

रानजाई

हो. आजचीच तारीख. लिहून ठेव तो क्रमांक.